नाकाला मार लागला असतां

गेल्या वैशाखांत, दुपारच्या जेवणानंतर घरांतील वडील माणसें जरा लवंडलीं असतां, आमच्या ओसरीवरील झोपाळ्याची फळी धाकट्या नातवाच्या नाकावर बसली. झोपाळा थोरल्या नातीनें हलविला होता आणि हा लहानगा समोरून धांवत आला, एवढेंच काय तें घडलें. किंकाळी ऐकून आम्ही सर्व बाहेर आलों तों मुलाच्या सदऱ्यावर रक्ताची धार लागलेली आणि नाकाचा दांडा पाहतां पाहतां सुजत चाललेला. पुढच्या दोन मिनिटांत त्या एका नाकावर जितकीं मतें पडलीं तितकीं आमच्या घरांत लग्नाच्या यादीवरहि पडलीं नव्हतीं. माझे थोरले बंधु म्हणाले, डोकें मागें करून त्याला उताणा निजवा. वहिनींनीं कांदा फोडावयास सांगितला. सुनेनें हळदीचा डबा आणला. शेजारच्या काकूंना दूर्वांच्या रसाची आठवण झाली. आणि समोरच्या बिऱ्हाडांतील एक गृहस्थ, ज्यांचा हात हलका आहे असें ते स्वतःच सांगत असतात, ते नाक जागच्या जागीं बसवून देण्यासाठीं बाह्या सारून पुढें सरसावले.

वाचकहो, ह्या पांचांपैकीं एकहि उपाय करावयाचा नसतो, आणि शेवटचा तर मुळींच नाहीं. त्या दिवशीं मीं आवाज चढवून सर्वांना दूर केलें. मी वैद्य नव्हें. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि पाठशाळेंतलें संस्कृत एवढीच माझी विद्या. तरी नाकाच्या बाबतींत मी इतका ठाम कां झालों ह्याला एक जुनें, आणि मला अभिमान वाटावा असें नसलेलें, कारण आहे. तें पुढें येईलच. आजचा मजकूर माझ्या पुतण्याकडून, जो कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, तपासून घेतला आहे. त्यांत चूक राहिली असेल तर ती ऐकून घेण्यांतली, म्हणजे माझी.

प्रथम मुलाला मांडीवर किंवा खुर्चीवर ताठ बसवावें, आणि पाटावर बसून ताटाकडे पाहतांना डोकें जितकें झुकतें तितकें पुढें झुकवावें. तोंडानें श्वास घ्यावयास सांगावें. घशांत आलेलें रक्त गिळूं देऊं नये. पुढें तसराळें धरून त्यांत थुंकूं द्यावें. मग नाकाचा मऊ भाग, म्हणजे हाडाच्या खालचा, दोन्ही नाकपुड्यांचा, अंगठा व तर्जनी ह्यांच्या चिमटींत हलकेच मिटून धरावा आणि घड्याळ पाहून १० ते १५ मिनिटें तसाच धरून ठेवावा. वरच्या हाडाच्या भागाला बोट लावूं नये. दर मिनिटाला सोडून थांबलें कां म्हणून पाहण्याचा मोह आवरावा. पेरलेलें बीं उकरून रुजलें कां तें पाहण्यासारखेंच तें आहे. नाक उघड उघड वांकडें झालें असेल किंवा स्पर्शहि सोसवत नसेल, तर चिमटीचा आग्रह नको. पुढें झुकवून नाकाखालीं स्वच्छ फडकें धरावें आणि डॉक्टरांकडे निघावें.

डोकें मागें करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. उन्हाळ्यांत मुलांचा घोळणा फुटतो तेव्हांहि आपण हेंच करतों. त्यानें रक्त थांबत नाहीं, फक्त दिसेनासें होतें. तें मागच्या मागें घशांत उतरून पोटांत जातें, आणि पोटाला रक्त सोसत नसल्यामुळें थोड्या वेळानें काळपट उलटी होते. आतां डोक्याला मार लागल्यावर होणारी उलटी हें मेंदूच्या दुखापतीचेंहि लक्षण आहे. म्हणजे आपणच मुलाला रक्त गिळावयास लावून डॉक्टरांपुढें एक खोटें लक्षण उभें करतों. अर्धवट शुद्धीवरील माणसाला उताणा निजविला आणि तें रक्त श्वासनलिकेंत शिरलें, तर प्रकरण जिवावर बेतूं शकतें. मनुष्य बेशुद्ध असेल, किंवा दुचाकीवरून पडल्यामुळें मानेलाहि इजा झाल्याचा संशय असेल, तर त्याला बसविण्याची खटपट करूं नये. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तानें श्वास कोंडत असेल तरच दोघातिघांनीं मिळून डोकें, मान व पाठ एका रेषेंत ठेवून त्याला कुशीवर वळवावें.

नाकांत कांहींहि घालूं नये. हळद नको, दूर्वांचा रस नको, तूप नको, कापसाचा बोळाहि नको. कांदा हुंगविल्यानें शुद्धीवरचा मनुष्य अधिक शुद्धीवर येत नाहीं. तो शिंकतो, आणि शिंकेसरशीं थांबलेलें रक्त पुन्हां सुटतें. घरांत फ्रीज असेल तर बर्फाचे खडे पंचाच्या दुहेरी घडींत गुंडाळून नाकाच्या दांड्यावर व दोन्ही अंगांना अलगद टेकवावे. एका वेळीं १० ते १५ मिनिटें, आणि पहिले दोन दिवस असें अनेक वेळां करावें. उघडा बर्फ कातडीवर ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी चालते. स्त्रियांच्या नाकांतील नथ, चमकी किंवा मोरणी सूज चढण्यापूर्वींच काढून घ्यावी. नंतर ती काढणें हा एक वेगळाच समारंभ होऊन बसतो. दुखण्यासाठीं पॅरासिटामॉल वयाच्या व वजनाच्या मानानें द्यावें. ॲस्पिरिन देऊं नये. त्यानें रक्तस्राव वाढतो, आणि सोळा वर्षांखालील मुलांना तर तें एरवींहि डॉक्टरांच्या सांगण्यावांचून देऊं नये.

आतां कोणत्या वेळीं घरगुती विचारविनिमय बाजूस ठेवून थेट रुग्णालय गांठावयाचें तें सांगतों. पंधरा मिनिटें धरूनहि रक्त वाहतच असेल तर लगेच निघावें. घरांतील वडील मंडळींपैकीं ज्यांस ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यांच्या बाबतींत तर वाटच पाहूं नये. (त्या गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत, नांवें लिहून डॉक्टरांस दाखवावींत.) मार लागतांना शुद्ध हरपली होती, मुलगा भलतेंच बोलतो, पेंगतो, डोकेदुखी वाढत आहे, उलट्या थांबत नाहींत, एकाचे दोन दिसतात, वरचे-खालचे दांत पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नाहींत, गाल किंवा वरचा ओंठ बधिर झाला आहे, ह्यांपैकीं कांहींहि असलें तरी मार नाकाच्या पलीकडे, जबड्याला, डोळ्याच्या खोबणीला किंवा कवटीला पोंचला असावा असें धरून चालावें. नाकावरची कातडी फाटून खालचें हाड मोडलें असेल तर ती उघडी जखम समजावी. स्वच्छ कापडानें झाकून न्यावें, आणि धनुर्वाताच्या लशीचें विचारावें.

एक लक्षण मात्र असें आहे कीं तें ठाऊक नसलें तर सर्दी म्हणून सोडून दिलें जातें. मार लागल्यावर त्याच दिवशीं किंवा कांहीं दिवसांनीं एका नाकपुडींतून स्वच्छ, पाण्यासारखा पातळ स्राव ठिबकूं लागतो. खालीं वांकल्यावर तो वाढतो आणि घशांत आला तर खारट लागतो. हें नाकाचें पाणी नसून मेंदूभोंवतींचें पाणी असूं शकतें. नाकाचें छप्पर आणि मेंदूची तळजमीन ह्यांच्यामध्यें हाडाचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याला तडा गेला म्हणजे हें पाणी खालीं उतरतें, आणि ज्या वाटेनें पाणी उतरतें त्याच वाटेनें जंतु वर चढतात. अशा वेळीं नाक शिंकरूं नये, चोंदूं नये, थेंब घालूं नयेत, आणि ज्यांना जलनेतीची संवय आहे त्यांनीं ती कटाक्षानें बंद ठेवावी.

इतकें झालें म्हणजे बहुतेक लोक नाकाचें प्रकरण संपलें असें समजतात. मीहि समजलों होतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. पटांगणावर कबड्डी चालली असतां सहावींतल्या एका मुलाच्या नाकावर दुसऱ्याचा गुडघा बसला. रक्त आलें, थोड्या वेळानें थांबलें. मीं त्याला दवाखान्यांत नेलें, एक्स-रे काढविला, आणि हाड शाबूत आहे असें ऐकून निश्चिंत झालों. नाक बाहेरून सरळ दिसत होतें. दुसऱ्या दिवशीं मुलगा म्हणाला, “गुरुजी, दोन्ही नाकपुड्या चोंदल्या आहेत, तोंडानेंच श्वास घ्यावा लागतो.” संध्याकाळीं त्याची आई माझ्या घरीं आली आणि उंबऱ्याशीं उभी राहून विचारूं लागली, पुन्हां दाखवावें कां. मीं सांगितलें, “बाई, सूज आहे, उतरेल. फोटोंत हाड चांगलें आहे. परीक्षा तोंडावर आली आहे, उगाच खेपा कशाला?” शिक्षकाच्या शब्दावर विश्वासून ती माउली परत गेली.

चौथ्या दिवशीं मुलाला ताप भरला, नाकाचा शेंडा लाल झाला, हात लावूं देईना. शहरांत नेलें तेव्हां नाकाच्या मधल्या पडद्यांत पू झाला होता. पू काढला, ताप उतरला, मुलगा बरा झाला. परंतु पडद्याची कूर्चा विरघळून गेली होती. पावसाळा संपतां संपतां त्याच्या नाकाचा दांडा मधोमध खोगिरासारखा बसला. वर्गांतल्या मुलांनीं त्याला जें नांव ठेवलें तें मी येथें लिहीत नाहीं. तें नांव घेणाऱ्या दोघांना मीं छड्या मारल्या. त्या मारतांना माझा हात कांपत होता, आणि कां कांपत होता तें मला ठाऊक होतें. त्या बाईंनीं मला पुढें एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं.

काय झालें होतें तें समजण्यासाठीं नाकाची रचना पाहिली पाहिजे. नाक म्हणजे हाड अशी आपली समजूत असते, आणि चेहऱ्याच्या हाडांपैकीं सर्वांत अधिक वेळां मोडणारें हाड नाकाचेंच आहे, हेंहि खरें. पण बोटानें चांचपून पाहिलें तर दोन डोळ्यांच्या मधला वरचा सुमारें तिसरा हिस्सा तेवढा हाडाचा आहे असें आढळेल. त्याखालचा सारा भाग लवचिक कूर्चेचा आहे, आणि दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याचा पुढचा भागहि कूर्चेचाच. सुश्रुतसंहितेंत हिला तरुणास्थि असें फार समर्पक नांव आहे. निदानस्थानांत हाडें मोडण्याचे प्रकार सांगतांना तरुणास्थि वांकतात, नळीचीं हाडें मोडतात, कवटीसारखीं चपटीं हाडें फुटून विलग होतात आणि दांतांना तडे जातात, असा भेद तेथें केला आहे. पाठशाळेंत हें वाचलें तेव्हां मला त्यांतील क्रियापदांचें कौतुक वाटलें होतें. ज्याचा अर्थ कळावयास हवा होता तो त्या मुलाचें नाक बसल्यावर कळला.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना घट्ट चिकटलेलें एक पातळ आवरण असतें; त्यांतून पाझरून तिचें पोषण होतें. नाकाला मार लागून कूर्चा वांकली कीं तें आवरण सुटतें आणि मधल्या पोकळींत रक्त सांचतें, जसा भिंतीचा गिलावा आंत ओल शिरून फुगावा. पोषण तुटलेली कूर्चा एक ते तीन दिवसांत मरूं लागते, आणि सांचलेल्या रक्तांत जंतु वाढले तर त्याहून लवकर. हें सर्व हाड न मोडतांहि होऊं शकतें. मुलांमध्यें तर विशेष, कारण त्यांचें नाक बहुतांशीं कूर्चेचेंच असतें. आणि पुढें नाकाची वाढ व्हावयाची ती ह्याच पडद्याच्या आधारानें. एक्स-रेमध्यें कूर्चा दिसत नाहीं. हाडाविषयींसुद्धां त्या चित्राचा फारसा भरंवसा नसतो. नाकाच्या हाडांवरील नैसर्गिक रेषा व जुने सांधे तेथें नव्या मोडीसारखे दिसूं शकतात, आणि खरी मोड निसटते. म्हणून आजचे डॉक्टर साध्या नाकाच्या मारासाठीं एक्स-रेचा आग्रह धरीत नाहींत. डोळ्यांनीं व बोटांनीं तपासतात, आणि चेहऱ्याचीं इतर हाडें मोडल्याचा संशय आला तर सी. टी. स्कॅन करवितात.

तेव्हां पहिल्याच दिवशीं, आणि कांहीं झालें तरी २४ तासांच्या आंत, जाणत्या डॉक्टरानें दोन्ही नाकपुड्यांच्या आंत प्रकाश टाकून पाहिलें पाहिजे. नाक बाहेरून किती वांकडें दिसतें ह्यापेक्षां आंतला पडदा फुगला आहे कां, हा प्रश्न पहिला. डॉक्टर आपण होऊन पाहत नसतील तर नम्रपणें विचारावें: पडद्यांत रक्त सांचलेलें नाहीं ना? घरीं बॅटरीच्या उजेडांत मधल्या भिंतीवर, एका किंवा दोन्ही बाजूंस, जांभळट वा लालसर मऊ फुगवटा दिसला तर तो उघड पुरावा समजावा. पण तो आपणांस दिसला नाहीं म्हणून नाहींच, असें मात्र नाहीं. साधी सूज दिवसेंदिवस उतरते. नाक चोंदणें व ठणका हीं वाढत गेलीं, आणि त्यांत ताप आला, तर रात्र असो कीं सणाचा दिवस असो, पुन्हां दाखवावें. उपाय अगदीं लहान आहे. जागा बधिर करून छेद घेतात, सांचलेलें रक्त काढून टाकतात, तें पुन्हां सांचूं नये म्हणून टांके घालतात किंवा पट्टी भरतात, प्रतिजैविकें देतात, आणि एकदोन दिवसांत पुन्हां पाहतात. तीस वर्षांपूर्वीं त्या दुसऱ्या दिवशीं मीं ‘हो, दाखवा’ एवढें म्हटलें असतें तर हें त्याच संध्याकाळीं झालें असतें.

दुसरी तपासणी तीन ते पांच दिवसांनीं करावी. पहिल्या दिवशींची सूज नाकाचा आकार झांकून टाकते. वांकडें नाक सरळ दिसतें आणि सरळ नाक वांकडें. सूज ओसरली म्हणजे खरें रूप कळतें. नाक सरळ असेल व दोन्ही नाकपुड्यांतून श्वास मोकळा येत असेल तर मोडलेल्या हाडालाहि कांहीं करावें लागत नाहीं; तें आपोआप सुमारें तीन आठवड्यांत जुळतें. वांकडेपणा राहिला असेल तर मात्र हाडें जुळण्यापूर्वींच तीं बसविलीं पाहिजेत. मोठ्या माणसांत ही मुदत साधारण दोन आठवड्यांची. मुलांचीं हाडें लवकर धरतात, म्हणून त्यांच्या बाबतींत आठवड्याच्या आंतच निर्णय व्हावा. येथें एक गोष्ट उपयोगी पडते: डॉक्टरांकडे जातांना रोग्याचें समोरून काढलेलें एखादें जुनें छायाचित्र न्यावें. पुष्कळांचीं नाकें जन्मापासून किंवा बाळपणींच्या एखाद्या विसरलेल्या पडण्यापासून थोडीं कललेलीं असतात, आणि घरांत कोणीं तीं कधीं नीट पाहिलेलींच नसतात. लग्नांतला फोटो ह्या कामीं उत्तम. आधार कार्डावरचा नेऊं नये. त्यांत मनुष्यच ओळखूं येत नाहीं, मग नाक कोठून?

नाक बसवितांना जागा बधिर करून किंवा गुंगी देऊन आंत एक बोथट उपकरण घालतात, खचलेलें हाड उचलून धरतात आणि बाहेरून बोटांनीं जुळवितात. मग वरून सुमारें आठवडाभर साचा बसवितात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, मोडलेल्या हाडांच्या अध्यायांत, खचलेलें वा वळलेलें नाक सळईनें सरळ करून दोन्ही नाकपुड्यांत दोन्ही तोंडांनीं उघड्या अशा नळ्या घालाव्या आणि वरून पट्टी बांधावी असें सांगितलें आहे. नळी दोन्ही तोंडांनीं उघडी कां, तर रोग्याला श्वास घेतां यावा म्हणून! आमच्या पुतण्याला हें वाचून दाखविलें तेव्हां तो क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, “काका, हें छापा, पण खालीं हेंहि छापा कीं, कोणीं घरीं विणण्याची सुई घेऊन बसूं नये.” म्हणून छापीत आहें. समोरच्या गृहस्थांसारखे हलक्या हाताचे लोक आणि गांवोगांवचे हाडवैद्य ह्यांच्याविषयीं मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, त्यांना नाकाचा आंतला पडदा दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या जागेंत जोर लावणें बरें नव्हे.

मुदत टळली तर हाड वांकडेंच जुळतें, आणि मग तें कापून नीट करण्याची मोठी शस्त्रक्रिया, तीहि बहुधा सहा महिने किंवा अधिक काळ थांबून, करावी लागते. मुलांच्या बाबतींत शक्य तेथें नाकाची वाढ पुरी होईपर्यंत थांबतात. माझ्या त्या विद्यार्थ्याचें असेंच झालें. विशी उलटल्यावर त्याच्या बरगडीची कूर्चा घेऊन नाकाचा दांडा पुन्हां उभारला गेला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं मी त्याला भेटावयास गेलों होतों. त्यानें मला पाहून उठून नमस्कार केला. तो मला घेववेना.

घरीं आणल्यावर करावयाचें तें थोडें आहे. पहिले कांहीं दिवस दोन-तीन उश्या घेऊन डोकें उंच ठेवून निजावें. नाक शिंकरूं नये, कोरूं नये. शिंक आलीच तर तोंड उघडें ठेवून द्यावी. तपकीर ओढणाऱ्या आजोबांनीं ह्या निमित्तानें ती सोडली तर घरांतल्या स्त्रिया दुवा देतील. चष्म्याची बैठक नेमकी मोडलेल्या जागेवर येते. सूज उतरेपर्यंत तो लावूं नये, आणि त्यावांचून चालतच नसेल तर डॉक्टरांना विचारून कपाळाला चिकटपट्टीनें टांगून वापरावा. डोळ्यांखालीं काळेंनिळें झालें तर घाबरण्याचें कारण नाहीं. तें दोन आठवड्यांत जातें. मुलांना पळापळीचे खेळ निदान दोन आठवडे आणि कबड्डी-कुस्तीसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ निदान सहा आठवडे बंद.

ह्या मजकुरांत एक गोष्ट घालावी कीं नाहीं ह्याचा मीं बराच विचार केला. चार भिंतींच्या आंत एखाद्या सुनेच्या किंवा मुलीच्या नाकाला मार लागतो आणि ‘दार लागलें’ असें सांगितलें जातें. दार खरोखर लागतेंहि. पण त्याच घरांत तेंच दार वर्षांत दोनदां लागलें, तर घरांतील वडील माणसांनीं दाराकडे पाहत बसूं नये. डॉक्टर त्या बाईशीं एकटीशीं बोलूं इच्छितील. सासूबाईंनीं किंवा नवऱ्यानें तेथें उभें राहण्याचा हट्ट धरूं नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणें हाड मोडणें ही जबर दुखापत ठरते. जुन्या दंडसंहितेंत कलम ३२० खालीं हेंच होतें. उपचारासाठीं नको असलेला एक्स-रे अशा वेळीं कागदासाठीं लागतो, आणि तो काढून ठेवण्याचा तिला अधिकार आहे. आपल्या भाषेंत नाक म्हणजे अब्रू. अब्रूच्या नांवाखालीं खरें नाक झांकून ठेवणारीं सुशिक्षित घरें मीं पाहिलीं आहेत.

नातवाचें सांगावयाचें राहिलें. रक्त बारा मिनिटांत थांबलें. तासाभरांत त्याला पुतण्याकडे नेलें. पडदा सपाट होता. तरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याला पुन्हां घेऊन गेलों. सुनेला तें अति वाटलें, तिनें तसें बोलूनहि दाखविलें, आणि मीं ऐकून घेतलें. पांचव्या दिवशीं सूज उतरली. नाक सरळ होतें, दोन्ही बाजूंनीं श्वास मोकळा. झोपाळा अजून ओसरीवरच आहे. फळीच्या कडेला मुलाच्या बापानें जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकली आहे, आणि समोरचे गृहस्थ अद्यापि सांगत असतात कीं, त्यांना करूं दिलें असतें तर काम दोन मिनिटांचें होतें.